मुलाचे तळपाय सपाट आहेत म्हणून ऑपरेशन? आधी टाचेमागची शीर तपासा

तुम्ही खारघरहून विचारलंय. मुलगा ९ वर्षांचा, चौथीत. दोन्ही तळपाय सपाट, बूट आतल्या बाजूने झिजतात, मागून बघितलं की टाचा बाहेर कललेल्या दिसतात. संध्याकाळी खेळून आला की पाय दुखतात म्हणतो. एका डॉक्टरांनी दोन्ही पावलांत छोटा इम्प्लांट, म्हणजे हाडांमधल्या पोकळीत बसवायचा स्क्रूसारखा तुकडा, बसवायला सांगितलाय, दिवाळीच्या सुट्टीतली तारीखही दिलीय, आणि १० वर्षांच्या आत केलं नाही तर वेळ निघून जाईल असंही सांगितलंय. बाबांना मुलाला एनडीएत पाठवायचंय. सासूबाई म्हणतात, काही करू नका, मोठा झाला की होईल नीट. आणि तुम्हाला विचारायचंय, ऑपरेशन करावं का?

मी ठाण्यात गेली २२ वर्षं लहान मुलांच्या हाडांचे आजार बघते. मुलाला न बघता ठाम हो किंवा नाही सांगणं बरोबर होणार नाही. पण तुमच्या जागी मी असते तर दिवाळीची तारीख पुढे ढकलली असती. का, ते नीट लिहिते.

तुमचा मजकूर मी दोनदा वाचला. पाऊल दिसतं कसं, यावर तुम्ही बरंच लिहिलंय. दुखण्यावर मात्र एकच वाक्य आहे, ‘पाय दुखतात म्हणतो’. माझा सगळा निर्णय त्या वाक्यावर अवलंबून आहे आणि नेमकं तेच अर्धवट आहे. पाय म्हणजे कुठे? पोटरी, गुडघा, घोटा, की पावलाची आतली कड? खेळताना दुखतं की रात्री झोपल्यावर? दुखतं म्हणून तो खेळ सोडून घरी येतो का? सपाट तळपाय हा बहुतेक मुलांत आजार नसतो, पावलाचा एक आकार असतो. ऑपरेशन आकारासाठी करायचं नसतं, दुखण्यासाठी करायचं असतं. माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांना मी पहिल्याच भेटीत हे सांगते, कारण एकदा पाऊल ‘वाकडं’ दिसायला लागलं की दुसरं काही दिसेनासंच होतं.

आधी पाऊल लवचिक आहे का ते घरीच बघा. त्याला अनवाणी फरशीवर उभं करा आणि तुम्ही मागे खाली बसा. मग भिंतीला हात टेकवून चवड्यांवर उभं राहायला सांगा. चवड्यांवर गेल्यावर तळव्याला कमान आली आणि बाहेर कललेली टाच आत वळली, तर पाऊल लवचिक आहे. बसल्यावर, पाय लोंबकळत असतानाही अशा पावलाला कमान दिसते. हे होतं कसं? तळव्यात टाचेपासून बोटांपर्यंत एक चिवट पट्टा असतो. अंगठा वर वळला की रहाटावर दोर गुंडाळावा तसा हा पट्टा अंगठ्याच्या मुळाशी ताणला जातो आणि कमान उचलतो. हिक्स यांनी १९५४ मध्ये पावलाची ही रचना उलगडून दाखवली. तुमच्या मुलात हा रहाट चालत असेल तर सांधे मोकळे आहेत.

चवड्यांवर उभं राहूनही टाच आत वळली नाही, कमान आली नाही, तर पाऊल ताठ आहे आणि मग पुढचं सगळं प्रकरण वेगळं. ऐरोलीचा एक तेरा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला होता. वर्षभरात चार वेळा घोटा मुरगळला होता आणि ‘फ्लॅट फूट आहे, बूट वापर’ एवढंच सांगून दरवेळी त्याला परत पाठवलं होतं. चवड्यांवर उभं केलं तर टाच जागची हलेना. सीटी स्कॅनमध्ये टाचेचं हाड आणि त्याच्यावरचं घोट्याचं हाड आतल्या बाजूला एकमेकांना जोडलेलं निघालं. असा जोड जन्मापासून असतो, पण सुरुवातीला तो मऊ कूर्चेचा असतो. आठ ते सोळा या वयात तो हळूहळू हाडाचा होतो आणि तेव्हा त्रास सुरू होतो. अशा पावलात इम्प्लांट बसवणं ही चूक ठरते. म्हणून आधी ही एक गोष्ट पक्की करून घ्या. तुमच्या मुलाच्या बाबतीत, तुम्ही लिहिलंय त्यावरून, पाऊल लवचिक असण्याचीच शक्यता जास्त वाटते.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्यांचं बरंचसं बरोबर आहे. जन्मलेल्या जवळपास प्रत्येक बाळाचा तळवा सपाट दिसतो, कारण कमानीच्या जागी चरबीची गादी असते आणि सांधे सैल असतात. पहिल्या दहा वर्षांत कमान आपोआप वर येत जाते. अमेरिकेत स्टाहेली आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ८८२ पावलांचे ठसे मोजले, लहान बाळांपासून म्हाताऱ्या माणसांपर्यंत. त्यात हेच दिसलं, आणि ‘नॉर्मल’ म्हणावं असा पल्ला किती रुंद आहे तेही दिसलं. सगळ्यांची कमान सारखी येते असं मात्र नाही. काही माणसं आयुष्यभर सपाट पावलांनीच चालतात, डोंगर चढतात, आणि त्यांना काहीही होत नाही. तुमचा मुलगा ९ वर्षांचा आहे, म्हणजे कमान अजून थोडी वर येईल किंवा येणारही नाही. न आली तरी ते अपयश नव्हे.

खास बुटांबद्दल फार लांबण लावत नाही. वेंगर यांनी १९८९ मध्ये लहान मुलांचे चार गट करून तीन वर्षं अभ्यास केला. एका गटाला काहीच दिलं नाही, बाकीच्यांना खास बूट, टाचेचे कप किंवा साच्यातून बनवलेले सोल दिले. तीन वर्षांनी एक्स-रेमध्ये चारही गट सारखेच. म्हणजे बुटाने कमान तयार होत नाही. दुखत असेल तर मऊ सोलमुळे आराम पडतो, तेवढ्यापुरता तो वापरावा. उलट आपल्याकडचा एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. कर्नाटकात राव आणि जोसेफ यांनी २३०० शाळकरी मुलांचे ठसे घेतले, तो १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. चपला-बूट वापरणाऱ्या मुलांत सपाट तळपायांचं प्रमाण ८.६ टक्के होतं आणि अनवाणी फिरणाऱ्या मुलांत २.८ टक्के. बंद बुटांपेक्षा चपला-सँडल बऱ्या, असंही त्यात दिसलं. म्हणून लहान मुलांना घरात, सोसायटीच्या स्वच्छ जागेत, मातीत अनवाणी खेळू द्या असं मी सांगते. नऊ वर्षांच्या मुलाची कमान त्याने उभी राहील असं मी म्हणत नाही, पण कडक बुटांत पाय कोंबून तरी काय मिळणार?

आता मुख्य मुद्द्याकडे येते, टाचेमागची शीर. पोटरीचे स्नायू ज्या जाड दोरीने टाचेला जोडलेले असतात, ती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॅनडाच्या सैन्यात हॅरिस आणि बीथ या दोघांनी साडेतीन हजारांहून जास्त सैनिकांची पावलं तपासली. त्यांचा अहवाल १९४७ चा. त्यांना आढळलं की नुसता सपाट, लवचिक तळपाय असलेला सैनिक इतरांसारखाच मैलोन्‌मैल चालतो. त्रास होतो तो ज्यांचा तळपाय सपाट आहे आणि शिवाय टाचेमागची शीर आखूड आहे त्यांना. इतकी वर्षं झाली, पण रोजच्या ओपीडीत मला अजूनही हेच दिसतं.

कारण समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. चालताना पाऊल जमिनीवर असतं आणि अंग पुढे जातं, तेव्हा घोटा वर वाकावा लागतो. शीर आखूड असेल तर घोटा वाकत नाही. पण चालायचं तर आहेच. मग शरीर पळवाट काढतं. घोट्याऐवजी पावलाच्या मधल्या सांध्यातून वाकतं, टाच बाहेर कलते, पाऊल बाहेर वळतं आणि आतल्या कडेला घोट्याच्या हाडाचं गोल डोकं खाली येऊन जमिनीवर घासतं. प्रत्येक पावलाला तिथे भार येतो. अशा मुलांच्या पावलाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या खाली थोडं पुढे, कातडी जाड झालेली दिसते. नेमकं तिथेच दुखतं. काहींना बाहेरच्या बाजूला, घोट्याच्या हाडाच्या खालच्या खळग्यात दुखतं, कारण तिथे हाडं एकमेकांवर चेपली जातात.

ही शीर घरी कशी बघायची? मुलाला पाठीवर झोपवा. गुडघा अगदी सरळ. एका हाताने टाच धरून पाऊल थोडं आतल्या बाजूला वळवा, आणि तसंच धरून दुसऱ्या हाताने चवडा वर, नडगीच्या दिशेने ढकला. पाऊल काटकोनाच्या पुढे निदान दहा अंश जायला हवं. काटकोनावरच अडलं तर शीर घट्ट आहे. पाऊल आत वळवून धरणं विसरू नका. न वळवता ढकललं तर पाऊल मधूनच मोडतं, म्हणजे मधल्या सांध्यातून वाकतं, आणि घोटा वर आला असं वाटतं. मग गुडघा वाकवून हेच पुन्हा करा. गुडघा वाकवल्यावर पाऊल सहज वर आलं तर पोटरीचा वरचा स्नायूच घट्ट आहे, आणि तो ताणून मोकळा होण्याची आशा चांगली असते. बरेच पालक मला सांगतात, ‘तो तर टाचा टेकवून उकिडवा बसतो, शीर कशी घट्ट असेल?’ उकिडवं बसताना गुडघा वाकलेला असतो आणि सपाट पाऊल मधून मोडतं. म्हणून त्या बसण्यावरून काही ठरवू नका.

आता दुखणं कुठलं, ते. रात्री झोपल्यावर दोन्ही पोटऱ्या, मांड्या, कधी हा पाय कधी तो पाय, आईने चेपून दिलं की झोप लागते, सकाळी उठून मूल उड्या मारतं, अशी कहाणी असेल तर ते वाढीच्या वयातलं नेहमीचं दुखणं आहे. सपाट पावलाचा त्याच्याशी संबंध जोडू नये. नऊ वर्षांच्या मुलांमध्ये हे फार दिसतं. या दुखण्यासाठी पावलावर शस्त्रक्रिया केली तर रात्रीचं दुखणं तसंच राहतं आणि त्यात पावलाचं नवं दुखणं येऊन मिळतं. एकाच पायात, एकाच जागी, सूज किंवा ताप असलेलं, किंवा रात्री झोपेतून उठवणारं ठरावीक जागेचं दुखणं असेल तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा. ते वेगळं असतं.

खेळल्यावर, भार दिल्यावर, पावलाच्या आतल्या कडेला दुखत असेल आणि शीरही घट्ट असेल, तर उपचाराची सुरुवात शीर ताणण्यापासून करायची. भिंतीसमोर उभं राहून एक पाय मागे. मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला घट्ट, पाऊल किंचित आत वळलेलं, आणि तळव्याच्या आतल्या कडेखाली घडी घातलेला नॅपकिन. मग अंग पुढे झुकवायचं. पोटरीत ताण जाणवला की तीस आकडे मोजेपर्यंत थांबायचं. प्रत्येक पायाला पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ, निदान सहा महिने. नॅपकिन आणि आत वळवणं यासाठी की ताण शिरेला बसावा, पाऊल मधून मोडू नये. फिजिओथेरपिस्टकडे एकदा शिकून या आणि मग घरी करा. खरं सांगते, ‘व्यायाम करून फरक पडला नाही’ म्हणणाऱ्या दहा घरांत मी खोदून विचारलं तर सात-आठ घरांत तो पंधरा दिवसांतच सुटलेला असतो. दात घासण्याला जोडून टाका, तेव्हाच टिकतो.

एक धोका इथेच सांगते. शीर घट्ट असताना बुटात कडक, उंच कमानीचा सोल घालू नका. शीर टाचेला वर ओढून धरते, खाली आलेलं हाड वर जाऊ शकत नाही, आणि खालून कडक सोल त्यावरच दाबतो. दुखणं वाढतं. घालायचाच तर मऊ सोल.

एवढं करूनही काही मुलं राहतात. माझ्याकडे वर्षभरात सपाट पावलांची जेवढी मुलं येतात, त्यातली शस्त्रक्रियेपर्यंत पोचणारी हाताच्या बोटांवर मोजता येतात. ती बहुतेक दहाच्या पुढची, बरीचशी बारा-तेराची. दुखणं ठरलेल्या जागी, भार दिल्यावरचं, खेळ किंवा शाळेचं चालणं अडवणारं. शीर घट्ट, आणि सहा महिने मनापासून ताणूनही घट्टच. या सगळ्या गोष्टी एकत्र आल्या तरच मी शस्त्रक्रियेचा विषय काढते.

तेव्हा मी जी करते, ती टाचेच्या हाडाची लांबी वाढवण्याची. तिच्यामागचा विचार मला अजूनही सुंदर वाटतो. वेल्समधल्या कार्डिफचे सर्जन डिल्विन इव्हान्स जन्मजात वाकड्या पावलांवर काम करत होते. त्या पावलात बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा लांब असते. टाच बाहेर कललेल्या पावलात नेमकं उलट, बाहेरची बाजू आखूड, म्हणून पुढचं पाऊल बाहेर वळतं. मग आखूड बाजू लांब करा, पाऊल आपोआप फिरून जागेवर येईल, असा विचार त्यांनी १९७५ मध्ये मांडला. सिएटलच्या व्हिन्सेंट मोस्का यांनी १९९५ मध्ये ती पद्धत सुधारून, तिच्याबरोबर आणखी काय काय मोकळं करायला हवं ते बारकाईने लिहिलं. त्यांनी ती वापरली ती तीव्र, दुखणाऱ्या पावलांसाठी, आणि तीही इतर उपाय थकल्यावर. हे मी मुद्दाम सांगते.

प्रत्यक्षात असं असतं. पूर्ण भूल. पावलाच्या बाहेरच्या बाजूला एक काप. टाचेचं हाड पुढच्या टोकापासून साधारण दीड सेंटिमीटर मागे कापायचं आणि ती फट उघडून त्यात हाडाची पाचर बसवायची. ही पाचर मुलाच्याच कमरेच्या हाडातून घेता येते, किंवा ऊतीपेढीतून. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात अशी पेढी आहे, तिथे दान केलेलं हाड गॅमा किरणांनी निर्जंतुक करून ठेवतात. पुढचा सांधा सरकू नये म्हणून एक तार तात्पुरती घालतात. बाहेरच्या बाजूची घट्ट शीर लांब करावी लागते, आतल्या बाजूचा सैल पडलेला भाग आवळावा लागतो, आणि टाचेमागची शीर लांब करणं तर जवळपास प्रत्येक वेळी लागतं. टाच सरळ झाल्यावर अंगठ्याची बाजू वर उचललेली राहिली तर आतल्या एका छोट्या हाडालाही काप द्यावा लागतो. सांधे मात्र शाबूत राहतात, आणि माझ्या दृष्टीने हीच मोठी गोष्ट आहे. पूर्वी अशी पावलं सांधे कायमचे जखडून सरळ करत. त्याचा भार पुढे वर्षानुवर्षं शेजारच्या सांध्यांवर येतो आणि ते झिजतात. लवचिक पावलाच्या मुलात सांधे जखडण्याला माझा ठाम विरोध आहे.

त्यानंतर साधारण आठ आठवडे प्लास्टर, आणि त्या काळात पाऊल टेकवायचं नाही. तार मध्येच काढून प्लास्टर बदलतात. मग हळूहळू भार, फिजिओथेरपी. धावणं-खेळणं पूर्ववत व्हायला सहा महिने ते वर्ष. धोकेही आहेत. पावलाच्या बाहेरच्या कडेची बधिरता, हाड जुळायला उशीर, पुढचा सांधा सरकणं, जंतुसंसर्ग, कमी किंवा जास्त सरळ होणं. हे क्वचित होतं म्हणून गप्प बसणारा सर्जन मला आवडत नाही.

कळव्याची एक मुलगी होती, बारा वर्षांची, शाळेच्या कबड्डी संघातली. चढाईला जाऊन परत आली की पाऊल धरून बसायची. आतल्या कडेला जाड घट्टा, शीर काटकोनाच्या आतच अडलेली. आईने सात महिने वही ठेवून व्यायाम करून घेतला, रोजची टीप होती त्यात. दुखणं थोडं कमी झालं पण खेळ जमेना. मग आम्ही आधी जास्त दुखणारं डावं पाऊल केलं, आणि ते पूर्ण भरल्यावर, आठ महिन्यांनी, उजवं. दोन्ही पावलं एकदम मी सहसा करत नाही. एक पाय मोकळा असला की मूल वॉकर धरून संडासापर्यंत जातं, आईची पाठ वाचते. ती राहायची लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. भारतीय पद्धतीचा संडास. प्लास्टर असताना त्यावर ठेवायची खुर्ची आम्ही आधीच मागवली आणि शाळेला दोन महिन्यांचं पत्र दिलं. ती परत खेळली, पण जवळपास दीड वर्षाने. जूनच्या आधी प्लास्टर निघेल अशी तारीख धरली होती, कारण आपल्याकडच्या पावसात प्लास्टर कोरडं ठेवणं फार जिकिरीचं. निर्णय घेताना या गोष्टी वैद्यकीय कारणांइतक्याच धराव्या लागतात.

आता तुम्हाला सुचवलेला इम्प्लांट. घोट्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला हाडांमध्ये एक नैसर्गिक पोकळी असते. त्यात छोटा स्क्रूसारखा तुकडा बसवतात, तो टाचेला बाहेर कलू देत नाही. लहान छेद, थोडा वेळ, लवकर चालणं. इटली-स्पेनमध्ये हे बरंच केलं जातं आणि तिथले अनुभवी सर्जन चांगल्या निकालांबद्दल लिहितात. तुमचे डॉक्टर काही नवलाईचं किंवा गैर सांगत नाहीत, हेही स्पष्ट करते. आणि हे वाढत्या वयात, साधारण आठ ते बाराच्या दरम्यान करतात हेही खरं. त्यांनी वयाची घाई केली ती यामुळे.

पण ती मर्यादा त्या एका पद्धतीची आहे. तुमच्या मुलाची संधी तिच्याबरोबर संपत नाही. टाचेचं हाड लांब करण्याची शस्त्रक्रिया तेराव्या, पंधराव्या वर्षीही तेवढीच चांगली होते. म्हणून ‘दहाच्या आत’ या वाक्याने घाबरू नका. शिवाय इम्प्लांटने घट्ट शीर सैल होत नाही, ती वेगळी लांब करावी लागते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००९ मध्ये या इम्प्लांटबद्दल मार्गदर्शन दिलं, त्यात पुरावा अपुरा असल्याचं आणि विशेष खबरदारी घेऊनच तो वापरावा असं म्हटलंय. आणि माझा अनुभव. सुरुवातीच्या वर्षांत मीही काही मुलांत तो बसवला. त्यातल्या एका दहा वर्षांच्या मुलाची शीर घट्ट होती आणि मी तिला पुरेसं महत्त्व दिलं नाही. पाऊल छान सरळ दिसायला लागलं, आईवडील खूश. पण बाहेरच्या त्या खळग्यात त्याला पावलागणिक दुखू लागलं. सहा महिने वाट बघितली आणि शेवटी इम्प्लांट काढला. त्याला आधी जे दुखत होतं त्यापेक्षा मी दिलेलं दुखणं जास्त होतं. ती चूक माझी होती. तेव्हापासून न दुखणाऱ्या पावलात मी काहीही बसवत नाही.

बाबांच्या मनात एनडीए आहे, म्हणून तेही. सपाट पाऊल दिसलं की उमेदवार बाद, अशी समजूत सगळीकडे आहे. एनडीएच्या जाहिरातीबरोबर वैद्यकीय निकष छापलेले असतात. त्यात चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान परत येत असेल, उमेदवार चवड्यांवर नीट उड्या मारू आणि धावू शकत असेल, पाऊल लवचिक आणि न दुखणारं असेल, तर तो पात्र धरला जातो. म्हणजे आपण वर घरी केली तीच तपासणी. अर्ज करायच्या वर्षीचे निकष तेव्हा वाचून घ्या. पण आज नवव्या वर्षी भरतीसाठी म्हणून शस्त्रक्रिया करणं मला मान्य नाही. व्रण आणि आत धातू असलेलं पाऊल घेऊन तो मेडिकल बोर्डासमोर उभा राहिला तर बोर्ड त्याबद्दलही प्रश्न विचारेलच.

मग आता काय करावं? दिवाळीची तारीख रद्द करा, त्यात कुणाचा अपमान नाही. या आठवड्यात वर लिहिलेल्या दोन्ही तपासण्या करा. पुढचे पंधरा दिवस एक वही ठेवा, आणि मुलाला ‘पाय दुखतात का’ असं विचारू नका. तो स्वतःहून म्हणेल तेव्हाच बोट ठेवून जागा दाखवायला सांगा आणि टिपून ठेवा, दिवस की रात्र तेही. शीर घट्ट असेल तर व्यायाम आजपासून. शीर सैल आणि दुखणं रात्रीचंच असेल तर पावलाला काही करायचं नाही, वर्षाने एकदा दाखवा. आतल्या कडेला दुखत असेल तर दोन्ही पावलांचे उभ्याने काढलेले एक्स-रे घ्या, समोरून आणि बाजूने. झोपून काढलेल्या एक्स-रेमध्ये भार नसतो, त्यावरून सपाटपणा ठरवता येत नाही. तुम्ही ‘एक्स-रे काढला’ एवढंच लिहिलंय, तो कसा काढला ते बघा.

आणि ज्या डॉक्टरांनी इम्प्लांट सांगितला त्यांनाच परत भेटून विचारा: मुलाच्या दुखण्याची जागा कुठली धरलीत, टाचेमागची शीर गुडघा सरळ ठेवून किती येते, ती घट्ट असेल तर तिचं काय करणार, आणि इम्प्लांट पुढे काढायचा की ठेवायचा. चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही.

मुलाला कुठल्याही डॉक्टरांकडे नेताना हाफ पँट घाला आणि वर्षभर वापरलेले बूट पिशवीत घेऊन जा. खोलीत चार पावलं टाकून चालणं कळत नाही. बाहेरच्या पॅसेजमध्ये त्याला पळू द्या आणि डॉक्टरांना मागून बघू द्या. वही आणि उभ्याने काढलेले एक्स-रे घेऊन पुन्हा लिहिलंत तर मी नक्की उत्तर देईन.